नवीन टँकमध्ये पीएचच्या मागे लागू नका, आधी केएच बघा

माशांचा नवीन टँक लावला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारलं जातं, पीएच (पाणी किती ॲसिडिक आहे त्याचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिडिक) 7 कसा आणू? मग पीएच डाऊनची बाटली, म्हणजे पाण्यात टाकायचं ॲसिड, येते, थोडं टाकलं की आकडा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी परत होता तिथे, म्हणून अजून टाकलं जातं. या ओढाताणीतच मासे जास्त मरतात. 7 म्हणजे न्यूट्रल, ना ॲसिड ना अल्कली, एवढंच. टांगानिका सरोवराचं पाणी 9 च्या आसपास असतं आणि तिथले सिक्लिड मासे त्यातच वाढतात, उलट रिओ निग्रोच्या काळ्या पाण्यात 5 च्या खालीसुद्धा टेट्रा राहतात. शिवाय 1909 साली डॅनिश केमिस्ट सोरेनसेनने बनवलेली ही पीएचची स्केल लॉगची आहे, 8 वरून 7 म्हणजे हायड्रोजन आयन दहापट.

आकडा परत का येतो हे खरं बघण्यासारखं आहे. पाण्यात बायकार्बोनेट असतं, केएच म्हणतात ते साधारण त्याचंच माप. ॲसिड टाकलं की त्यातला हायड्रोजन आयन मोकळा राहतच नाही, बायकार्बोनेट त्याला धरतं, दोघांचं मिळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. हा जादाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात आहे तोवर पीएच खाली दिसतो, एअरस्टोनच्या बुडबुड्यांनी तो हवेत निघून गेला की पीएच वर. म्हणजे बाटलीचा असर गेला, पण तेवढं बायकार्बोनेट कायमचं खर्च झालं! केएच 4 असेल तर पीएच 7 ला मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या जवळपास 14 हजार पट बायकार्बोनेट असतं. गणितात सांगायचं तर पीएच = 6.35 + लॉग (बायकार्बोनेट भागिले कार्बन डायऑक्साइड), त्यामुळे केएच तेवढाच ठेवून कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की पीएच 0.3 ने उतरतो.

हेच सगळं केएचच्या टेस्ट किटमध्ये डोळ्यांनी दिसतं, मला ती टेस्ट फार आवडते. 5 एमएल पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकायचा. पाणी निळं होतं, दुसरा थेंब निळं, तिसरा निळं, काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एका थेंबात एकदम पिवळं. ते थेंब ॲसिडचेच असतात, निळं होतं तोवर बायकार्बोनेट त्यांना गिळत होतं, संपलं आणि पीएच कोसळला. बऱ्याच किटमध्ये एक थेंब म्हणजे केएचची एक डिग्री.

नवीन टँकमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया स्वतःच ॲसिड तयार करतात. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड गिळायची ताकद, जाते. 50 लिटरचा टँक, केएच 2, म्हणजे पाव ग्रॅम नायट्रोजनमध्ये सगळा साठा साफ. मग पीएच पडतो, 6 च्या आसपास बॅक्टेरिया मंदावतात, सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, अडकते आणि लोक बॅक्टेरियाच्या बाटलीवर बाटली ओतत बसतात. ‘इन्स्टंट सायकल’ लिहिलेल्या लेबलला भुलू नका, केएच नसेल तर महागातले बॅक्टेरियासुद्धा नीट काम करू शकत नाहीत.

उपाय साधा आहे. 100 लिटरला साधारण 3 ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच एक डिग्रीने वाढतो, किंवा फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवला तर तो हळूहळू विरघळतो. पण पीएच पडलेल्या टँकमध्ये मासे असतील तर सोडा टाकायच्या आधी अमोनिया मोजाच. कमी पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियम असतो, फारसा विषारी नाही. 25 डिग्री तापमानाला पीएच 7 वर एकूण अमोनियातला विषारी भाग अर्धा टक्का आणि 8 वर 5 टक्क्यांच्या वर, म्हणजे घाईघाईत पीएच चढवला तर त्याच पाण्यात मासे तडफडायला लागतात. त्यामुळे अमोनिया जास्त निघाला तर आधी थोडं थोडं पाणी बदलून तो खाली आणायचा, बदलताना पीएच झटक्यात चढत नाही ना तेही बघायचं, आणि सोडा त्यानंतर.

नळाचं पाणी तपासायचं तर ते उघड्या भांड्यात 24 तास ठेवून मगच तपासा, कारण ताज्या पाण्यात बरेचदा कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि पीएच खोटा कमी दिसतो. झाडं असलेल्या टँकमध्ये सकाळपेक्षा संध्याकाळी पीएच थोडा वर असतो, कारण दिवसभर झाडं कार्बन डायऑक्साइड ओढतात, तिथे काहीही करायची गरज नाही, फक्त रोज एकाच वेळेला मोजा.