झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर?

झोपेत चालणाऱ्याला मधेच जागं केलं तर त्याचं हृदय बंद पडतं किंवा त्याला वेड लागतं, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. तसं काही होत नाही. माणूस भांबावून बघत राहतो, एवढंच. 'मी इथे कसा?' असा चेहरा, अर्धवट उत्तरं, कधी समोरच्याला ढकलणं. हा भांबावलेपणा काही मिनिटांत ओसरतो.

कारण साधं आहे. हे चालणं बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात, गाढ झोपेत घडतं. मेंदूचा हालचालींचा भाग जागा, भान ठेवणारा भाग मात्र झोपलेला. डोळे उघडे असतात, म्हणून बघणारा फसतो. (तो स्वप्नातलं नाटक करत असतो, हाही गैरसमजच; ठळक स्वप्नांच्या झोपेत स्नायू जवळजवळ लुळे असतात.)

खरा धोका जिना, गॅलरी आणि उघड्या दाराचा. म्हणून गदागदा हलवू नका, ओरडू नका. हळू आवाजात बोलत, दंडाला धरून अंथरुणाकडे न्या. वळत नसेल आणि पुढे जिना असेल, तर खुशाल जागं करा. सकाळी त्याला बहुधा काही आठवणारही नाही.