दोन रंगांत चेंडू गोल होत नाही

वर्तुळ काढा, त्यात रेडियल ग्रेडियंट (केंद्राकडून कडेकडे हळूहळू बदलत जाणारा रंग) भरा, मध्ये पांढरा आणि कडेला काळा रंग द्या, की झाला चेंडू! व्हेक्टर चित्रकलेचे कितीतरी प्राथमिक धडे असंच शिकवतात. पडद्यावर मात्र वरून पाहिलेल्या शंकूसारखं किंवा धुरकट डागासारखं काहीतरी उमटतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला चित्रकला जमत नाही. चित्रकलेचा इथे काही संबंध नाही. चुकलंय ते गणित, आणि ते शाळेतल्या भूमितीने दुरुस्त होतं.

व्हेक्टर चित्रात ठिपके साठवलेले नसतात, आकारांचं वर्णन साठवलेलं असतं. म्हणून ते कितीही मोठं केलं तरी कडा रेखीव राहतात. पण त्यामुळेच छटासुद्धा वर्णनात बसवावी लागते. ग्रेडियंटमध्ये आपण ठरावीक जागांचे रंग सांगतो, त्या जागांना स्टॉप म्हणतात. मधले रंग संगणक सरळ प्रमाणात भरतो. त्रिज्येच्या निम्म्यावर पोहोचलो की रंगही निम्म्यावर येतो.

खरा चेंडू असा वागत नाही. गणितज्ञ योहान लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये मांडलेला नियम सांगतो, की न चमकणाऱ्या पृष्ठभागावरचा उजेड हा प्रकाशकिरण आणि पृष्ठभागावरचा लंब यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनवर ठरतो. दिवा आपल्या पाठीमागे आहे आणि चेंडूची त्रिज्या १ आहे असं धरा. केंद्रापासून ‘अ’ अंतरावरच्या बिंदूला पायथागोरसचा सिद्धान्त लावला की उजेड निघतो √(१ − अ²). अंतर ०.६ असेल तर उजेड ०.८. अंतर ०.८ असेल तर ०.६. अगदी ०.९ वरसुद्धा ०.४४ उरतो, आणि मग उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात तो कोसळतो. आपल्या डोळ्याला गोलाई जाणवते ती या उशिरा आणि झपाट्याने होणाऱ्या उताराने. सरळ प्रमाणातल्या ग्रेडियंटमध्ये नेमका तोच हरवतो.

आणखी एक मेख आहे. पडद्याला दिल्या जाणाऱ्या ० ते २५५ या किमती प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत निम्म्या प्रकाशाची किंमत १२८ नसून सुमारे १८८ आहे. हे रूपांतर धरून पांढऱ्या चेंडूचे स्टॉप असे येतात: केंद्रात २५५, ०.६ वर २३१, ०.८ वर २०३, ०.९ वर १७६, ०.९८ वर १२३ आणि कडेला ०. एवढे सहा आकडे भरून पाहा. वर्तुळ फुगून पुढे येतं! मला तरी हे दरवेळी विलक्षण वाटतं.

दिवा बाजूला सरकवला की प्रकरण अवघड होतं. समान उजेडाच्या रेषा चेंडूवर वर्तुळंच असतात, पण आपल्याला तिरक्या दिसत असल्याने चित्रात त्यांची लंबवर्तुळं होतात. त्यांची केंद्रंही दिव्याच्या दिशेने सरकत जातात. एसव्हीजी या व्हेक्टर चित्रांच्या फाइल-प्रकारात ग्रेडियंटचा केंद्रबिंदू हलवता येतो, पण रेषा वर्तुळाकारच राहतात, म्हणून तो केवळ जवळपासचा उपाय ठरतो. चंद्रकोरीची आतली कड म्हणजे असंच एक अर्धं लंबवर्तुळ. मात्र पौर्णिमेच्या चंद्राला आमचं सूत्र लावू नका. त्याची धुळीने भरलेली खडबडीत जमीन प्रकाश आला त्याच दिशेला जास्त परतवते, म्हणून तो कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ, थाळीसारखा सपाट दिसतो.

चेहरा, फळ, कापडाची चुणी असे आकार एका ग्रेडियंटमध्ये मावत नाहीत. त्यासाठी मेश ग्रेडियंट आहे: आकारावर वक्ररेषांची जाळी टाकायची आणि प्रत्येक गाठीला रंग द्यायचा. इलस्ट्रेटर या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय १९९८ साली आली, इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१७ साली.

‘एका क्लिकमध्ये वास्तवदर्शी सावली’ या जाहिरातींवर मात्र विसंबू नये. ते बटण बहुतेक वेळा आकाराची काळी प्रत बाजूला सरकवून सगळीकडे सारखीच धूसर करतं. खऱ्या दिव्याला आकारमान असतं, त्यामुळे वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे सावलीची कड धारदार असते आणि लांब जाईल तशी उपच्छाया, म्हणजे कडेची अर्धवट सावली, रुंदावते. म्हणून दोन सावल्या काढाव्यात. टेकलेल्या जागी लहान, गडद आणि जेमतेम धूसर. तिच्याखाली मोठी, फिकट आणि भरपूर धूसर. दोन्हींना शुद्ध काळा रंग देऊ नये, कारण सावलीतही आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून परतलेला उजेड पोहोचतोच. लाल चेंडूशेजारच्या पांढऱ्या जमिनीवरच्या सावलीत थोडा लाल मिसळला, तर तो चेंडू तिथेच ठेवलेला वाटतो.