उपग्रह इंटरनेट जोडणी, व्यावसायिक (नागपूर परिसर)

फायबर किंवा मोबाइल टॉवरवर अवलंबून न राहता, जागेवरच डिश बसवून थेट उपग्रहामार्फत घेतलेली इंटरनेट जोडणी. बोलीत सरसकट ‘व्हीसॅट’. सीताबर्डी-धरमपेठेत फायबर दारात येते. तिथे व्हीसॅट घेणे म्हणजे पैसा वाया. खरी गरज शहराबाहेर : रामटेक-सावनेर पट्ट्यातील मँगनीज व कोळशाच्या खाणी, काटोल-नरखेडकडची संत्र्यांची पॅकिंग केंद्रे, सिल्लारीकडची रिसॉर्टे. जेसीबीने फायबर तोडला की ज्यांचे ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना-कागद) अडते आणि फाटकावर ट्रकांची रांग लागते, असे कारखाने ती दुसरी लाइन म्हणून घेतात.

ही डिश टीव्हीच्या डिशसारखी नुसती ऐकत नाही, बोलतेही. म्हणून परवाना लागतो. तो ह्यूज, नेल्को अशा सेवा कंपन्यांकडे असतो, ग्राहकाला वेगळा काढावा लागत नाही. परदेशातून आणलेले टर्मिनल (डिश-मोडेमचा संच) विनापरवाना चालवणे बेकायदा आहे.

जागा व दिशा. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतो, म्हणजे नागपूरहून दक्षिणेला. ७४° पूर्वेवरच्या जीसॅट-११ साठी (प्रक्षेपण डिसेंबर २०१८) दिगंश (उत्तरेपासून मोजलेली आडवी दिशा) सुमारे १९४° आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) सुमारे ६४.५° येतो. इतक्या चढ्या कोनामुळे अडथळा क्वचितच येतो : डिशहून ३ मीटर उंच असलेली पाण्याची टाकी दीड मीटरवर असली तरी चालते. कडुनिंबाची वाढती फांदी मात्र आधीच हेरावी.

ऑफसेट डिश, म्हणजे फीड मध्यावर नसून खालच्या कडेला असलेली, दिसते त्यापेक्षा वर बघते. नवखा माणूस तिचे तोंड डोळ्यांनी आकाशाकडे उचलतो आणि तासभर सिग्नल शोधत बसतो. कोन मागच्या पट्टीवरूनच लावावा.

बसवणे. नेहमीचा संच : १.२ मीटरची डिश, फीडहॉर्न (डिशसमोरचे, सिग्नल झेलणारे-सोडणारे तोंड; थोडक्यात फीड), सिग्नल पाठवणारा भाग बीयूसी, घेणारा भाग एलएनबी, आरजी-६ केबलच्या दोन ओळी, मोडेम आणि यूपीएस. नागपूरसाठी भारतीय मानकातील मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्या वाऱ्यात एवढ्या डिशवर सव्वाशे-दीडशे किलोंचा जोर येतो. स्लॅबला भोके पाडायची नसतील तर रुंद लोखंडी चौकटीवर निदान ३०० किलो काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत, खाली रबर घालावे. पत्र्याच्या शेडवर डिश बसवू नये, पत्रा थरथरतो.

उन्नतांश लावून डिश आडवी अर्धा-अर्धा अंश सरकवावी आणि दर वेळी सिग्नल मीटरचा काटा स्थिरावू द्यावा. सर्वोच्च आकडा मिळाला तरी तिथेच थांबू नये : दोन्ही बाजूंना सिग्नल सारखाच घसरतो त्या जागा शोधून बरोबर मध्ये यावे. डिशची शलाका, म्हणजे तिचा झोत, जेमतेम दीड अंशाची असते. अर्धा अंश चुकला तर कोरड्या दिवशी कळत नाही, जुलैत कळते. मग फीड सुमारे १३° फिरवून ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) जुळवायचे आणि हबशी, म्हणजे सेवा कंपनीच्या मुख्य भूकेंद्राशी, फोनवर क्रॉस-पोल चाचणी (आपला सिग्नल दुसऱ्या ध्रुवीकरणात सांडत नाही ना, ही तपासणी) करायची. ती झाल्याशिवाय हब प्रक्षेपण सुरू करू देत नाही, कारण चुकीचे फीड शेजारच्या ग्राहकांना त्रास देते. बोल्ट आळीपाळीने, मीटरकडे बघत आवळावेत. शेवटच्या पिळात डिश हमखास सरकते.

बिघाड. निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ एफ-कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या पिळाच्या जोडात, सापडते. पाणी शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो, पाऊस थांबला तरी सिग्नल परतत नाही. जोडावर स्वतःत मिसळणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि केबलला खाली झुकता वळसा द्यावा, म्हणजे थेंब तिथून गळतो. फीडहॉर्नच्या तोंडावरचा पातळ पडदा फाटला की आत गांधीलमाश्या घर करतात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद केबिनमधला मोडेम तापून आपोआप बंद होतो. उपाय म्हणून रॅक कूलरच्या झोतात ठेवला जातो. हा उपाय रोगापेक्षा वाईट, कारण ओल आणि धूळ सर्किटवर बसते. अर्थिंग ५ ओहमच्या आत आणि न्यूट्रल-अर्थ दाब २ व्होल्टच्या आत हवा. नाहीतर पहिल्या गडगडाटात बीयूसी जातो.

केयू बँडमध्ये (या डिश वापरतात त्या लहरींच्या पट्ट्यात) मुसळधार सर आली की काही मिनिटे वेग पडतो; हे गृहीतच धरावे. शिवाय ११ मार्च आणि २ ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस, दुपारी सव्वाबारा ते एकच्या दरम्यान, सूर्य ७४° च्या उपग्रहामागे येतो आणि काही मिनिटे जोडणी तुटते. त्या वेळी मोडेम उघडून बसू नये.

सिग्नलला जाऊन-येऊन किमान ४७७ मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात सहाशेच्या वर. जीएसटी पोर्टल, ईमेल, कार्ड मशीन निभावतात. व्हिडिओ कॉलवर माणसे एकमेकांवर बोलतात. व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी कुलूपबंद वाट) लावले की वेग आणखी कोसळतो : मोडेमची टीसीपी (इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याची पद्धत) वेगवर्धक युक्ती बंद पाकिटाच्या आत पाहू शकत नाही. अशा वेळी व्हीपीएन हे व्हीसॅट सेवा कंपनीच्या हबवरून पुढे न्यावे.

खालच्या कक्षा. स्टारलिंक (सुमारे ५५० किमी) आणि वनवेब (१,२०० किमी) यांचा विलंब बराच कमी. भारतात स्टारलिंकला परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. हे उपग्रह सतत सरकत असल्याने त्यांच्या टर्मिनलला एक ठिपका पुरत नाही, आकाशाचा मोठा भाग मोकळा लागतो. टाकीला खेटलेली, व्हीसॅटला चालणारी जागा त्यांना चालत नाही.