जुनी सिटी घेताय? आधीचा शेप का 2014 चा शेप : आमच्या गॅरेजकडून गिऱ्हाईकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरच्या आमच्या गॅरेजला आठवड्यात दोन-तीन फोन तरी याच विषयाचे येतात. दादा, सेकंडहँड होंडा सिटी बघितलीय, एक 2012 ची आहे, एक 2015 ची आहे, पैशात फार फरक नाही, कुठली घेऊ? फोनवर हातातलं काम सोडून सांगताना काही ना काही राहून जातं आणि मग माणूस गाडी घेऊन आल्यावर आम्हालाच वाईट वाटतं की हे आधी सांगायला पाहिजे होतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढलं. दोन्ही शेपच्या गाड्या आम्ही रोज उघडतो, त्यातनं जे दिसतं तेच लिहिलंय.

आधी कुठला शेप कुठला ते बघू. सिटी भारतात आली 1998 ला, पण आपण बोलतोय ती सप्टेंबर 2008 ते 2013 ची, म्हणजे तिसरी जनरेशन, आणि जानेवारी 2014 पासूनची चौथी. तिसरीचा फेसलिफ्ट, म्हणजे त्याच शेपमध्ये थोडं रूप बदललेलं मॉडेल, डिसेंबर 2011 चा, चौथीचा फेब्रुवारी 2017 चा. एक घोळ इथं कायम होतो, जुलै 2020 ला पाचवी जनरेशन आली तरी चौथीची पेट्रोल गाडी कंपनी बाजूला विकतच होती, त्यामुळे कुणी 2021 ची सिटी म्हणाला की ती नव्या शेपचीच असणार असं धरून भाव करू नका, आधी गाडी डोळ्याने बघा.

इंजिनमुळे जास्त पैसे देऊ नका

पेट्रोलचं म्हणाल तर दोन्हीत 1.5 लिटरचं आय-व्हीटेक इंजिन, ताकद तिसरीत 118 पीएस आणि चौथीत 119 पीएस. एका पीएसचा फरक पन्हाळ्याचा चढ चढताना तुम्हाला कळणार पण नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारी टायमिंग चेन दोन्हीला आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही, आणि वेळेवर ऑइल बदललं असेल तर ही इंजिनं लाख-दीड लाख किलोमीटरला सुद्धा गार पडत नाहीत, आमचा जीव आहे या इंजिनावर. फक्त टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करणं, लोक करतच नाहीत. या इंजिनाचे टॅपेट हाताने सेट करावे लागतात, साधारण 40 हजारला एकदा चेक केलेले बरे, आणि बाहेरनं सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर त्याहून लवकर, कारण गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते. सीएनजी काढून टाकून पेट्रोलची म्हणून विकलेली गाडी पण येते बरं का, डिकीत मॅट उचलून सिलेंडरच्या ब्रॅकेटची भोकं आहेत का बघा आणि आरसीवर फ्युएलच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

डिझेल पाहिजे असेल तर विषयच संपला, तिसरीत डिझेल नाहीच. चौथीत 1.5 लिटरचं आय-डीटेक डिझेल इंजिन आहे, 100 पीएस, 200 एनएम टॉर्क आणि सहा गिअर. मायलेज भरपूर देते, आवाज पण भरपूर करते, केबिनमध्ये ऐकू येतो, ते आधी चालवून बघा, नंतर आम्हाला विचारू नका की दादा आवाज कमी होईल का. रोजचं कोल्हापूर-सांगली किंवा महिन्यातनं चार वेळा पुणं असं रनिंग असेल तर डिझेल बघा, नुसतं मुलांची शाळा आणि रविवारी रंकाळा एवढंच असेल तर पेट्रोल घ्या, अजिबात दुसरा विचार करू नका.

फरक कुठं आहे मग? जागेत. चौथीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2600 मिलीमीटर आहे, तिसरीचा 2550, हे 5 सेंटीमीटर सगळे मागच्या सीटवाल्याच्या गुडघ्याला मिळालेत, आणि मागे एसीचे व्हेंट पण आले. घरात वयस्कर माणसं मागं बसणार असतील तर हा फरक खरा आहे. डिकी दोन्हीची 500 लिटरच्या वर, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. तिसरीला एसीची साधी फिरवायची बटणं आहेत, चौथीच्या वरच्या मॉडेलला टच पॅनल आहे, आम्हाला विचाराल तर गाडी चालवताना न बघता फिरवता येणारं बटणच बरं, पण ते ज्याच्या त्याच्या आवडीचं झालं. खालून दोन्ही गाड्या बसक्याच आहेत, पाच माणसं आणि सामान भरून गावाकडच्या स्पीडब्रेकरला घासणारच, म्हणून गाडी बघताना रॅम्पवर चढवून सायलेन्सर आणि खालचं कव्हर किती ओरबाडलंय ते बघायचं, त्यावरनं आधीच्या मालकाने कशी वापरलीय ते कळतं.

15 वर्षांचं गणित

हे लोक विसरतात आणि मग आरटीओत गेल्यावर डोक्याला हात लावतात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, म्हणजे तिसऱ्या जनरेशनच्या सुरुवातीच्या गाड्यांची मुदत संपली तरी किंवा संपत तरी आलीय. पुढं पाच-पाच वर्षांनी रिन्यू करून गाडी चालवता येते, त्यात काही बेकायदेशीर नाही, पण एप्रिल 2022 पासून कारच्या रिन्यूअलची फी 600 वरनं 5000 झालीय, वर पर्यावरण कर आहे, गाडी दाखवायला न्यायची आहे, आणि नेण्याआधी लाइट, हॉर्न, ब्रेक, सायलेन्सर सगळं नीट करून घ्यायचं आहे. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरा आणि मगच 2015 च्या गाडीशी तुलना करा, बऱ्याच वेळा स्वस्त वाटलेली गाडी मग तेवढी स्वस्त राहत नाही. आरसीवर मुदत छापलेली असते, पहिली ती बघा, कलर नंतर बघा.

पेट्रोल आता सगळीकडे ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं. 1 जानेवारी 2009 नंतर बनलेल्या गाड्यांचं मटेरियल ई20 ला चालतं असं होंडाने सांगितलंय, त्यामुळे 2008 च्या शेवटी बनलेली अगदी पहिली गाडी कुणी दाखवली तर आम्ही नको म्हणतो. बाकीच्यांना मायलेज थोडं कमी मिळेल ते धरून चाला.

ऑटोमॅटिक घेताना

तिसरीची ऑटोमॅटिक म्हणजे जुन्या पद्धतीचा पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, चौथीची सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक. चालवायला सीव्हीटी गुळगुळीत आहे पण एकदम पाय दाबला की आवाज आधी आणि गाडी नंतर असं होतं, तो बिघाड नाही, तिचा स्वभावच तसा आहे. बिघाड म्हणजे काय, हळू चढावर गाडी थरथरली, किंवा उभी असताना डी मध्ये टाकल्यावर दोन सेकंद काहीच झालं नाही आणि मग धक्का बसला. वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गाडीच्या मागं वीसच्या स्पीडने न्या, दहा मिनिटांत सगळं कळतं. आणि गिअरचं ऑइल कधी बदललं त्याचं बिल मागा. सीव्हीटीला होंडाचं सीव्हीटीचंच ऑइल लागतं, कुणी साधं ऑटोमॅटिकचं ऑइल ओतून ठेवलं असेल तर तो गिअरबॉक्स फार दिवस टिकत नाही, आणि नवा बसवायचा खर्च ऐकून गाडीच नको वाटते.

पुराच्या गाड्या, हे मात्र नीट वाचा

ऑगस्ट 2019 चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. परत जुलै 2021 ला तेच, तिकडं चिपळूण, महाडला तर त्याहून वाईट. त्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या याला गणती नाही, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन पुसून परत बाजारात आल्या.

माझ्या सख्ख्या मेव्हण्याने 2020 च्या दिवाळीत 2015 ची पांढरी सिटी घेतली, मला न दाखवता, कारण दिवाळीला दारात गाडी पाहिजे होती. आतून अत्तराचा वास, सीट कव्हर कोरी, सगळं चकचकीत. दोन महिन्यांनी स्टिअरिंगचा लाइट लागायला लागला, मग खिडक्या आपोआप थांबायला लागल्या. गाडी आमच्याकडे आणली, ड्रायव्हर सीटचे चार बोल्ट काढून सीट बाहेर घेतली तर सीट ज्या पट्टीवर सरकते त्या पट्टीच्या खाचेत राखाडी गाळ बसलेला, अगदी मैद्यासारखा बारीक, बोटाला चिकटणारा. कार्पेट उचललं तर खालचा फोम अजून ओलसर आणि त्यात उसाच्या पाल्याचा एक वाळलेला तुकडा. वायरिंगच्या कनेक्टरची पितळी टोकं हिरवी पडलेली. तिथंच मेव्हणा खाली बसला. विकणारा फोन उचलायचा बंद झाला होता. त्या गाडीच्या वायरिंगवर आम्ही पुढचं वर्षभर काम करत होतो, आणि घरचाच माणूस असून त्याला मी वाचवू शकलो नाही हे अजून मनाला लागतं.

म्हणून तुम्ही एवढं करा, यासाठी मेकॅनिक लागत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा आणि अगदी आतला हातभर पट्टा बघा, धुणारे बाहेरचा पट्टा धुतात, आतला राहतो, त्यावर मातीची रेघ दिसते. सीटच्या बोल्टवर गंज आहे का बघा, चांगल्या गाडीत तिथं गंज यायचं कारणच नाही. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा. हेडलाइटच्या आत खालच्या कोपऱ्यात गाळाची कड आहे का बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सनरूफवाल्या गाडीत सनरूफच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या तरी छत आणि कार्पेट ओलं होतं, तो पूर नसतो, नळी साफ केली की झालं, त्यामुळे ओलावा दिसला की लगेच गाडी टाकून देऊ नका, गाळ आहे का ते शोधा.

रिकॉल झालंय का

तिसऱ्या जनरेशनच्या 2013 पर्यंतच्या बऱ्याच सिटी एअरबॅगच्या इन्फ्लेटरसाठी, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागासाठी, कंपनीने परत बोलावल्या होत्या. त्या इन्फ्लेटरमधलं रसायन उष्णतेने आणि दमट हवेने खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर येऊ शकतात, म्हणजे वाचवणारी वस्तूच जिवावर येते. कोकणात वापरलेली गाडी असेल तर हे आधी बघा. चौथीमध्ये डिसेंबर 2013 ते जुलै 2015 च्या डिझेल गाड्यांना फ्युएल रिटर्न पाइप बदलायचा होता, आणि ऑगस्ट 2017 ते सप्टेंबर 2020 मधल्या बऱ्याच गाड्यांना फ्युएल पंप. हे सगळं कंपनी फुकट बदलून देते, मालक तिसरा असला तरी देते. आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर होंडाच्या वेबसाइटवर टाकला की काम राहिलंय का ते कळतं.

सेफ्टीचं म्हणाल तर 2014-15 च्या चौथीत खालच्या काही मॉडेलला दोन एअरबॅग नव्हत्या, नुसतं नवीन शेप आहे म्हणून सेफ असं नाही, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड दोन्हीकडे एसआरएस (एअरबॅग असल्याची खूण) लिहिलंय का बघा. 2017 च्या फेसलिफ्टमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय) सगळ्यांना आहे, सगळ्यात वरच्या झेडएक्सला सहा एअरबॅग. गाड्या आपटून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने 2022 मध्ये चौथीला 4 स्टार दिलेत.

कागदपत्रांचं थोडक्यात, बँकेचा बोजा उतरलाय का, बोजा उतरवल्याचा फॉर्म 35 आहे का, ई-चलन बाकी आहेत का, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तुमच्यासमोर. इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करून घ्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त दिसते, तिकडं डिझेलला 10 वर्षांची मर्यादा आल्यावर अशा गाड्या इकडं खूप आल्या, पण एनओसी आणि इथला टॅक्स धरल्यावर हिशोब परत करा.

आमचं मत विचाराल तर पाच-सहा वर्षं ठेवायची असेल आणि पैसे थोडे ताणता येत असतील तर 2017 नंतरची चौथी, पेट्रोल, मॅन्युअल. बजेट खरंच कमी असेल, शिकायला किंवा घरातली दुसरी गाडी म्हणून पाहिजे असेल तर 2012-13 ची तिसरी, एक मालक, सर्व्हिसची बिलं असलेली. पण बिलं असलेली 2012 ची आणि बिलं नसलेली 2015 ची समोरासमोर उभी असेल तर आम्ही डोळे झाकून 2012 ची घ्यायला सांगू.

गाडी आम्हाला दाखवायची असेल तर टोकन द्यायच्या आधी आणा, आणि सकाळी आणा, इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना टॅपेटचा आवाज, सायलेन्सरमधला निळा धूर, चेनची खरखर जे काय असेल ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं, एकदा गरम झालं की यातलं बरंचसं दबून जातं. तपासायला तास-दीड तास लागतो, रविवारी बंद असतो.