उदयोन्मुख प्रदूषके

औषधांचे अवशेष, संप्रेरकांच्या कार्यात बिघाड करणारी रसायने, फ्लुओरीनयुक्त टिकाऊ संयुगे, सूक्ष्मप्लास्टिक इत्यादींना ही संज्ञा लावतात. बहुतेक देशांत पाण्यातील त्यांच्या प्रमाणावर कायदेशीर मर्यादा नसते किंवा ती अलीकडेच आली आहे. हे पदार्थ नवे असतातच असे नाही. त्यांतील कित्येक तर दशकानुदशके वापरात आहेत.

या संशोधनाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १९७७ च्या सुमारास मानतात. त्या वेळी अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या सांडपाण्यात सॅलिसिलिक आम्ल (ॲस्पिरिनपासून शरीरात बनणारे) व क्लोफायब्रिक आम्ल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. (क्लोफायब्रिक आम्ल म्हणजे रक्तातील मेद घटवणाऱ्या औषधाचे शरीरात बनणारे रूप.) मात्र या नोंदीचा पाठपुरावा फारसा झाला नाही. दुसरा पक्ष १९९० नंतरच्या बर्लिनकडे बोट दाखवतो. तेथील पाण्यात तणनाशकांचे अवशेष शोधताना पुन्हा क्लोफायब्रिक आम्लच हाती लागले. मेकोप्रॉप या तणनाशकाचे ते समघटक. रेणुसूत्र तेच, अणूंची मांडणी तेवढी निराळी. म्हणजे औषध सापडले ते तणनाशकाच्या शोधात. सलग संशोधन यानंतरच दिसते, त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. डॉटन व टेर्नेस या संशोधकांच्या १९९९ मधील आढावालेखाने विषयाला चौकट दिली.

खरा पालट उपकरणांनी घडवला. लिक्विड क्रोमॅटोग्राफीला (द्रवातील घटक वेगळे करण्याची पद्धत) मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणारे उपकरण) जोडता आल्यावर लिटरमागे नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) इतके अवशेष मोजता येऊ लागले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३९ प्रवाहांपैकी सुमारे ८० टक्के प्रवाहांत अशी संयुगे आढळली.

भारतीय उपखंडात गिधाडांच्या ऱ्हासाचा, गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाशी असलेला संबंध २००४ मध्ये स्पष्ट झाला आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाटनचेरू सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावरच आहे.

सोलापूर शहराला उजनी धरण, टाकळी येथील भीमेचा उपसा व हिप्परगा तलाव यांतून पाणी मिळते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून उजनीत उतरते. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ गेली, म्हणजे उपसा मृतसाठ्यातून होऊ लागला, की हे मिश्रण सौम्य व्हायला पाणीही कमी राहते. जिल्ह्यातील जलाशयांवरील अभ्यासांचा भर बहुधा सामू, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, प्लवक यांवर असतो. या मोजमापांतून औषधांचा मागमूस लागत नाही.

चादर व टर्किश टॉवेल या येथील मुख्य धंद्याच्या दृष्टीने नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा गट विशेष लक्षणीय आहे. कापडाच्या धुलाईत व रंगाईत वापरली जाणारी ही अपमार्जके सांडपाणी प्रक्रियेत अर्धवट तुटतात व त्यांतून अधिक चिवट नोनिलफिनॉल उरते. ते माशांच्या शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून पाण्यात धुता येणाऱ्या कापडी मालात या इथॉक्सिलेटची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के ठरवली असून, तेथे जाणाऱ्या टॉवेललाही ती लागू आहे.