सुरतेहून तापीकाठानं आलेला रेशमी पडदा

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पडद्याचं कापड मागितलं, की दुकानदार आधी साधं कापड उलगडतो. गिऱ्हाईक रेंगाळतंय असं दिसलं की मग वरच्या फळीवरचा चकचकीत ताका खाली येतो. ‘हे बघा सिल्क.’ मीटरला शे-दोनशे रुपये. एवढ्यात रेशीम येत नाही हे दुकानदाराला ठाऊक असतं आणि बहुतेक गिऱ्हाइकांनाही, तरी सौदा खुशीत होतो. कुठलं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: माल सुरतना शे.

हे उत्तर चारशे वर्षांपूर्वीही चाललं असतं. सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बुऱ्हाणपूर आणि पुढे आग्रा, हा मोगलाईतला मोठा व्यापारी रस्ता होता. परदेशातून सुरतेच्या बंदरात उतरलेला किमती माल याच वाटेनं उत्तरेकडे जाई. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांची ती राजधानी होती आणि १६०१ मध्ये अकबरानं असिरगड घेतल्यावर खान्देश सुभ्याचा कारभारही तिथूनच चाले. दख्खनच्या मोहिमांचा तळ तिथं पडे. बादशहा, शहजादे, सुभेदार, त्यांचा जनाना आणि त्यांचे तंबू असा सगळा लवाजमा असे. मोगली तंबू हे कापडाचंच शहर म्हणावं लागेल. बाहेर जाड सुती कनाती, आत मखमल, जरीचं कापड, रेशमी पडदे. खान्देशात खोली सजवायला रेशमी पडदा वापरला गेला तो आधी अशा डेऱ्यांमध्ये आणि महालांमध्ये. सामान्य रयतेचा त्याच्याशी संबंध आलाच, तर तो ओझी वाहण्यापुरता.

खान्देशचं स्वतःचं कापड होतं ते सुती. आईन-ए-अकबरीत धरणगावच्या तलम कापडाचा उल्लेख आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानं सतराव्या शतकात बुऱ्हाणपूर पाहिलं. तिथली पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, पोलंडपर्यंत जाते, काही रंगवून तिच्यावर फुलं काढतात आणि बायका तिचे बुरखे, ओढण्या करतात, असं त्यानं लिहून ठेवलं. १६७० च्या दशकात इंग्रजांनी धरणगावात वखार घातली तीही सुती कापडासाठीच. या काळ्या जमिनीत कापूस मुबलक, रेशमाचा किडा मात्र परका. बंगालमधलं कच्चं रेशीम गुजरातेतल्या मागांवर जाई आणि तिथून विणलेलं कापड खान्देशात येई. बुऱ्हाणपुरात रेशीम विणलं जाई आणि सोन्या-चांदीची तार ओढून जरही होई, पण गिऱ्हाईक दरबारी होतं. दरबार उठला आणि तो धंदाही हळूहळू बसत गेला.

या वाटेवरचं एक दुःखद वर्णन टाळून पुढे जाता येत नाही. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याला निघाला तेव्हा गुजरात आणि खान्देशावर भीषण दुष्काळ होता. वाटेवर, नंदुरबारच्या आसपास, पडलेल्या प्रेतांबद्दल त्यानं जे लिहिलं ते आजही वाचवत नाही. विणकर, धोबी, रंगारी त्यात संपले किंवा परागंदा झाले. त्याच वेळी बुऱ्हाणपुरात शाहजहानचा तळ होता आणि पुढच्याच वर्षी मुमताजमहल तिथं वारली. आज तिथं शाही हमामातली चित्रं बघून लोक मोगली वैभवाच्या गोष्टी करतात. त्या भिंतींबाहेर काय चाललं होतं हेही त्याच दमात सांगायला हवं.

रेशमाचा थाट हवा पण खर्च झेपत नाही, ही अडचण तेव्हाही होती आणि तिच्यावरचे उपायही जुनेच आहेत. मशरू हा त्यातला एक. याला ताणा रेशमाचा, बाणा सुती. वरून रेशमी चमक आणि अंगाला लागते ती सुताची बाजू. पुरुषांनी अंगाला रेशीम लागू देऊ नये असं मानणाऱ्या मुसलमान घरांत ते चाले आणि खिशालाही परवडे. दुसरा उपाय हिमरू, कन्नडचा घाट चढून गेलं की येणाऱ्या औरंगाबादेचा (आताचं छत्रपती संभाजीनगर). सोन्याच्या तारेचा किनखाब ज्यांना घेता येत नसे ते सूत आणि रेशीम मिसळलेला हिमरू घेत. तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबादेला राजधानी नेली तेव्हा विणकर बरोबर आले आणि ही कला इथं रुजली, असं सांगतात. आजच्या पॉलिएस्टरी सिल्कला नाक मुरडणाऱ्यांनी मशरू-हिमरूची ही परंपरा आठवावी. परवडणारं रेशीम म्हणजे मिसळलेलं रेशीम, हा व्यवहार आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या काळापासून मान्य आहे.

पण मुळात पडदा लावायचा कुठे? हा प्रश्न सजावटीच्या गप्पांत कुणी विचारत नाही. खान्देशातलं जुनं घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्यांवर पसरलेली माती आणि खिडक्या म्हणाव्यात तर भिंतीत वर ठेवलेले झरोके. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथं हीच रचना शहाणपणाची होती. ऊन आत येतच नसे, मग अडवायचं काय? मोठ्या वाड्यांत दाराला वाळ्याचे पडदे टांगून त्यांवर पाणी मारत, गरिबाघरी ओलं गोणपाट चाले. पडद्याचं काम गारवा देण्याचं आणि आडोसा करण्याचं होतं. दोन खोल्यांमधल्या दाराला एखादं जुनं लुगडं लागे, सुती आणि धुऊन मऊ झालेलं. रेशीम घरात असे ते सोवळ्यात, देवघरात, लग्नातल्या शालूत आणि पेटीच्या तळाशी. ते भिंतीवर टांगणं म्हणजे उधळपट्टी आणि थोडा अधर्मही वाटला असता.

एकोणिसाव्या शतकात कापसानं खान्देशचं नशीब पालटलं. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव मिळाला. पुढे जळगावात खान्देश मिल, अमळनेरात प्रताप मिल, चाळीसगाव आणि धुळ्यातही गिरण्या उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत अमळनेरला जोडली गेली आणि जुना बैलगाड्यांचा रस्ता रुळांवर आला. गिरण्यांतून निघे ते धोतर, मांजरपाट, चादर. गिरणीतल्या बाबूच्या घरी छापील सुती पडदा आला तो याच काळात.

खरी उलथापालथ झाली ती युरोपातल्या प्रयोगशाळांत. फ्रान्सच्या शार्दोने यानं १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कृत्रिम रेशीम मांडलं. ते चमके छान, पण पेटेही लगेच. १८९२ मध्ये इंग्लंडात क्रॉस आणि बेव्हन यांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज काढलं आणि त्यातून रेयॉन जगभर पसरलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानी कृत्रिम रेशमानं हिंदुस्थानची बाजारपेठ भरली. सुरतेतले जरी आणि रेशमाचे कारागीर हुशार. त्यांनी हा धागा उचलला, हातमागाच्या जागी यंत्रमाग बसवले आणि ‘आर्ट सिल्क’चं, म्हणजे कृत्रिम रेशमाचं, शहर उभं केलं. स्वातंत्र्यानंतर देशातच रेयॉन होऊ लागलं. मुंबईत १९५० मध्ये या धंद्यासाठी ‘सस्मिरा’ ही संशोधनसंस्था निघाली. आजीच्या ट्रंकेत जी झुळझुळीत, थोडी गार लागणारी साडी असते ती बहुधा याच रेयॉनची. पडद्याला मात्र हा धागा फारसा मानवला नाही. ओला झाला की त्याचा जोर बराच कमी होतो, धुतल्यावर तो आटतो आणि चुण्या वेड्यावाकड्या पडतात.

मग पॉलिएस्टर आलं. भारतात ठाण्याच्या कारखान्यातून ‘टेरिन’ १९६५ च्या सुमारास निघू लागलं, पण बराच काळ ते शर्टाच्या कापडात मिसळण्याइतकंच आणि महाग. १९८२ मध्ये रिलायन्सनं पाताळगंगेला पॉलिएस्टरचा सलग धागा काढायला सुरुवात केली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्यांवरची बंधनं सैल केली. सुरतेला हवा तेवढा धागा मिळाला आणि दर घसरत गेले. त्याच सुमारास खान्देशातल्या सुती गिरण्यांची धुरांडी एकेक करत थंड पडत होती. जळगावच्या गिरणीच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. धुळे, नंदुरबार, जळगावच्या गावांतली पोरं गाडीत बसून उधन्याला, लिंबायतला उतरली आणि तिथं यंत्रमागांवर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर लागली. आज त्या वस्त्यांत अहिराणी सर्रास कानावर पडते. दिवाळीला, लग्नसराईला ही मंडळी गावी येताना कट पीस घेऊन येतात. खेडोपाडी रेशमासारख्या चकाकणाऱ्या पडद्याचा पहिला तुकडा दुकानातून कमी आणि अशा पिशव्यांतून जास्त आला असावा, असं मला वाटतं.

घरंही तोवर बदलली होती. धाब्याच्या जागी स्लॅब पडला, झरोक्याच्या जागी चार बाय चारची खिडकी आणि नंतर सरकत्या काचा. जे ऊन भिंतींनी बाहेर ठेवलं होतं ते थेट सोफ्यावर येऊन बसलं. पडदा ही तेव्हा हौसेची वस्तू राहिली नाही, गरज झाली. आणि लावायचाच तर चांगला दिसावा, हेही ओघानं आलं.

इथंच एक गंमत आहे. पैसे असले तरी खान्देशातल्या पश्चिमेच्या खिडकीला अस्सल रेशीम लावणं शहाणपणाचं नाही. रेशीम हे प्रथिन. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि घडीवर चिरतं. नैसर्गिक धाग्यांत उन्हाला लवकर हार जाणारा हाच. युरोपातल्या हवेल्यांत रेशमी पडद्यांना जाड अस्तर देत, पडदे ओढून खोल्या अंधाऱ्या ठेवत, ते म्हणूनच. पॉलिएस्टर काचेआडून येणारं ऊन चांगलं सोसतं, घरच्या मशीनमध्ये धुता येतं आणि त्याला इस्त्री जवळजवळ लागत नाही. भुसावळच्या मे महिन्यात टिकण्याच्या बाबतीत स्वस्त कापड महागाला हरवतं. भावनेचा प्रश्न वेगळा.

दुकानात ‘ड्युपियन’ म्हणून मिळणाऱ्या ताक्याकडे नीट बघा. त्याच्या पोतात मधेमधे जाड गाठी दिसतात. खऱ्या ड्युपियनमध्ये त्या येतात, कारण दोन किड्यांनी मिळून एकच कोष विणलेला असतो आणि त्यातला धागा सरळ सुटत नाही. मूळचा हा दोष. पुढे त्याचीच ऐट झाली. आता सुरतेची यंत्रं तोच दोष पॉलिएस्टरमध्ये मुद्दाम घालतात. नक्कल कशाची करावी यालाही काही मर्यादा असावी, पण खिडकीत उजेड मागून आला की त्या गाठी सुंदर दिसतात, हेही खरं.

कापड कुठलं हे ताडायचं असेल तर कडेचा एक धागा ओढून जाळून बघतात. रेशीम जळल्या केसासारखा वास देतं आणि बोटात चुरडलं तर राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. अस्सल घ्यायचंच असेल तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ पासून दिली जाणारी ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी बघावी. आणि त्याहून सोपा मार्ग बऱ्याच घरांत आधीच आहे: पेटीतला विरायला आलेला शालू. त्याचा मधला भाग धड असेल तर दोन खोल्यांमधल्या दाराला, जिथं ऊन पोचत नाही तिथं, सुती अस्तर लावून तो उत्तम चालतो. काठ खाली ठेवावा आणि जरीची बाजू दुमडीत घेऊ नये, तिथंच ती आधी तुटते.

खिडकीसाठी सुरती ताका घेतला तरी हिशेब तोच राहतो. खिडकीच्या रुंदीच्या निदान दीडपट, जमलं तर दुप्पट कापड धरावं. चुण्याच पडल्या नाहीत तर रेशमाची चमक दिसत नाही, कारण ती चढ-उतारावरच खेळते. पन्हा बहुतेक वेळा अठ्ठेचाळीस इंची असतो, तेव्हा चार फुटी खिडकीला दोन पडदे पुरतात. अस्तर नसेल तर पैसे कापडात वाचवून अस्तरात घालावेत. वरच्या कडेला शिंपी जो कडक बक्रम घालतो तो बघून घ्यावा, पातळ असला की दुसऱ्या धुण्यात मान टाकतो. हा बक्रम आजही मोठ्या प्रमाणावर बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर विणला जातो.