साडेसत्त्याहत्तर वनस्पतींची पहाट

फूल अगदी साधं. पाच पिवळ्याधमक पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा झुबका. पान उजेडासमोर धरलं की सुईने टोचल्यासारखे ठिपके आरपार दिसतात. पण खरं नवल कळीत आहे. न उमललेली कळी चिमटीत चिरडली तर पिवळ्या फुलातून तांबडा रस निघतो आणि बोटं लालजांभळी होतात. शास्त्रीय नाव हायपेरिकम पर्फोरेटम. इंग्रज तिला सेंट जॉन्स वर्ट म्हणतात, जर्मन योहानिसक्राउट. दोन्हीकडे नाव एकाच संताचं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. त्याचा जन्मदिवस २४ जून. युरोपात शतकानुशतकं ही आणि अशा अनेक वनस्पती २३च्या रात्री नाहीतर २४च्या पहाटे, दव पडलेलं असतानाच खुडत आले आहेत.

हीच तारीख का? लूकच्या शुभवर्तमानात देवदूत येशूच्या आईकडे, मरीयेकडे, येतो तेव्हा योहानाची आई अलीशिबा हिला सहावा महिना असतो. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. नाताळ २५ डिसेंबरला ठरला, तेव्हा योहानाचा दिवस आपोआप जूनअखेरीस आला. आणि रोमन लोकांच्या हिशेबात २४ जून हाच दक्षिणायन सुरू होण्याचा दिवस होता. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने तो तसाच नोंदवला आहे. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस आणि संताचा जन्म असे एकावर एक येऊन बसले. लोक आधीपासून त्या सुमारास जे करत होते त्यातलं काही चर्चने सामावून घेतलं, काहीवर डोळे वटारले. सातव्या शतकातले बिशप एलिजियस यांच्या नावावरच्या प्रवचनात योहानाच्या सणाला अयनदिनाचे विधी, नाच, उड्या आणि गाणी करू नका, अशी ताकीद आहे. ताकीद द्यावी लागली याचाच अर्थ लोक ते करत होते.

पुढे पंचांग सरकत गेलं. तेव्हाच्या जुलियन पंचांगाचं वर्ष सौरवर्षापेक्षा जरासं लांब असल्यामुळे सोळाव्या शतकापर्यंत खरा अयनदिन ११-१२ जूनवर आला, सण मात्र २४लाच राहिला. १५८२मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळून हिशेब सुधारला. रशियातलं ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुन्या पंचांगाने चालतं, म्हणून तिथे इव्हान कुपाला, म्हणजे हाच सण, ७ जुलैला येतो. तरी औषधी खुडणाऱ्यांचं कुठेच फारसं बिघडलं नाही, कारण हायपेरिकमचा बहर काही आठवडे टिकतो आणि फुलं उमलण्याच्या सुमारासच त्यातलं तांबडं रंगद्रव्य, हायपेरिसिन, भरात असतं. माझ्या मते या परंपरेचं मर्म इथेच आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईला कापणीचा हंगाम लक्षात ठेवायला सणासारखी दुसरी खूण नाही. संताच्या नावाने तो दिवस पक्का केला, आणि नेमका हंगाम आईकडून लेकीकडे चुकीशिवाय पोचत राहिला.

या सणाचं सगळ्यांत देखणं रूप मला बल्गेरियात दिसतं. तिथे हा दिवस एन्योव्हदेन. बायका उजाडायच्या आत रानात जातात, कारण सूर्य वर आला की वनस्पतींचा गुण उतरू लागतो अशी श्रद्धा. दवाने तोंड धुतात, उगवत्या सूर्याकडे तोंड करून खांद्यावरून मागे आपली सावली बघतात. सावली अखंड दिसली तर वर्ष निरोगी जाणार. आणि त्या सकाळी गोळा करायच्या वनस्पती किती, तर साडेसत्त्याहत्तर! माणसाला सत्त्याहत्तर रोग होतात, प्रत्येकाला एक वनस्पती. उरलेली अर्धी कशासाठी? ज्या रोगाला नावच नाही, त्याच्यासाठी. ज्याचं निदान कुणालाच करता आलं नाही त्या दुखण्यासाठीही टोपलीत जागा ठेवणारी ही अर्धी वनस्पती मला आजवर वाचलेल्या कितीतरी वैद्यकीय विचारांपेक्षा शहाणी वाटते.

गोळा केलेल्या वनस्पतींचा मोठा पुष्पचक्रासारखा वेढा बांधतात, माणूस आत शिरून पलीकडे निघेल एवढा. घरातले सगळे त्यातून जातात. मग तो वर्षभर टांगून ठेवतात आणि कुणी आजारी पडलं की त्यातली काडी-पान काढून वापरतात. आदल्या रात्री मुली आपापली अंगठी जुडीला बांधून पाण्याच्या भांड्यात टाकतात, भांडं चांदण्यात ठेवतात, आणि सकाळी गाणी म्हणत एकेक अंगठी काढून तिच्या मालकिणीचं भविष्य सांगतात. लोक म्हणतात, त्या दिवशी एन्यो, म्हणजे योहानच, मेंढीच्या कातड्याचा कोट अंगावर घेऊन बर्फ आणायला निघतो. ऐन उन्हाळ्यात हिवाळ्याची ही चाहूल दक्षिणायनाचा नेमका अर्थ सांगते.

उत्तरेला लॅटव्हियात या सणाचं नाव याणी, आणि आदला दिवस वनस्पती जमवण्याचा. बायकांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट, पुरुषांच्या ओकच्या पानांचे. वाळलेला पाला हिवाळ्यात चहाला आणि आजारी गुरांना. लॅटव्हियन भाषेत 'झालेस' हा शब्द वनस्पतींनाही चालतो आणि औषधांनाही. आपल्याकडेही 'ओषधी' म्हणजे वनस्पती आणि त्यावरूनच 'औषध', ही गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही. १९५९नंतर सोव्हिएत राजवटीने हा सण दाबायचा प्रयत्न केला. लोक घराघरांत तो करतच राहिले. जर्मनीत आगीभोवती नाचताना कमरेला आर्टेमिसियाचा पट्टा बांधून शेवटी तो आगीत टाकत, वर्षभराची पीडा जळून जावी म्हणून. आपला दवणा याच आर्टेमिसियाच्या कुळातला.

हायपेरिकमचं औषध तयार करण्याच्या रीतींत तेलाची रीत जुनी आणि सोपी. ताजी फुलं नि कळ्या काचेच्या बरणीत भरायच्या, वर ऑलिव्ह तेल ओतायचं आणि बरणी चार-सहा आठवडे उन्हात ठेवायची, आपण साखरांबा उन्हात मुरवतो तशी. तेल हळूहळू माणकासारखं लाल होतं. भाजल्यावर, कापल्यावर, मुका मार बसल्यावर ते लावत. पानावरची 'छिद्रं' म्हणजे जखमा, तांबडा रस म्हणजे रक्त, म्हणून ही जखमेची वनस्पती, असं तेव्हाचं तर्कशास्त्र. इटलीत मोदेनाकडे याच रात्री हिरवे कोवळे अक्रोड काढून नोचिनो नावाचं गडद मद्य घालतात. तेव्हा अक्रोडाची कवची अजून टणक झालेली नसते, सुई आरपार जाते.

हायपेरिकमचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं. २००८मध्ये वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण तपासले गेले. नैराश्यावर ही वनस्पती औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली. पण त्याआधी, २००० साली, झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली होती. ही वनस्पती घेतल्यावर त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, उतरलं आणि शरीर नव्या हृदयाला नाकारू लागलं. या वनस्पतीमुळे यकृत इतर औषधं झपाट्याने निकामी करतं, त्याचा हा परिणाम. गर्भनिरोधक गोळ्याही यामुळे कुचकामी ठरू शकतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी दुकानात दिसली म्हणून ही पुडी उचलू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि हीच २४ जून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. इथे सूर्य ढगांआड, रानात चिखल, त्यामुळे युरोपातली होळीसारखी आग आणि उन्हातली बरणी दोन्ही मागे राहिली. राहिला तो डोक्यावरचा वेढा. पानाफुलांचा, कधी फळं खोवलेला कोपेल घालून, घुमट वाजवत, 'व्हिवा सांजांव', म्हणजे संत योहानाचा जय, म्हणत पोरं वाड्यावाड्यांतून फिरतात. अलीशिबेच्या पोटात योहानाने आनंदाने उडी मारली होती, त्याची आठवण म्हणून काठोकाठ भरलेल्या विहिरीत ती धडाधड उड्या घेतात. शिवोलीत सजवलेल्या होड्या पाण्यात उतरतात. नव्या जावयाला सासुरवाडीत जेवण असतं. आणि उडी मारताना डोक्यावरून निसटलेला कोपेल विहिरीत तरंगत राहतो, पावसाचे थेंब त्याच्या पानांवर पडत असतात.